आधी देणे, मग शाल: पाळकसाहेबांच्या निवृत्तीनिमित्त पास्टोरेट कमिटीला खुले पत्र

प्रति,
सचिव, खजिनदार व सर्व सभासद, पास्टोरेट कमिटी,
आणि मंडळीतील सर्व बंधुभगिनी,

प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने आपणा सर्वांना सलाम.

हे पत्र अध्यक्षांना उद्देशून नाही, हे आरंभीच स्पष्ट करतो. आपल्याकडे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या या कमिटीचे अध्यक्षपद पाळकांकडेच असते आणि हे पत्र पाळकसाहेबांविषयीच असल्यामुळे वरच्या यादीतून मी अध्यक्षांना जाणूनबुजून वगळले आहे. ज्या सभेत आपल्याच पगाराचा विषय निघायला हवा त्या सभेचे अध्यक्षपद भूषवणे म्हणजे काय असते, हे मी सात वर्षे खजिनदार म्हणून शेजारच्या खुर्चीवर बसून पाहिले आहे. तो विषय कधीही निघत नाही.

येत्या 27 एप्रिलला, पुनरुत्थानाच्या सणानंतरच्या (ईस्टरनंतरच्या) पहिल्या रविवारी, पाळकसाहेब आपल्या मंदिरात, म्हणजे चर्चमध्ये, शेवटचा उपदेश करून निवृत्त होत आहेत. 1994 ते 2001 आणि पुन्हा 2009 पासून आजपर्यंत, अशा दोन खेपा मिळून त्यांनी या एका मंडळीत 23 वर्षे काढली. पाळकांच्या बदल्या कशा होतात हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना हा आकडा किती मोठा आहे ते वेगळे सांगायला नको. निरोप समारंभाची वर्गणी सुरू आहे, पावती माझ्याकडेही आली आणि मी ती भरली. मंडप, जेवण, रंगीत गौरव अंक, शाल, श्रीफळ आणि चांदीचा क्रूस मिळून सुमारे 2,40,000 रुपयांचा अंदाज आहे, असे मला सचिवांकडून समजले. समारंभाला माझा विरोध नाही. एवढ्या वर्षांच्या पाळकाला निरोप देताना मंडळीने गोडाचे जेवू नये, असे म्हणणारा मी कोण? माझे म्हणणे एवढेच आहे की ज्याचे आपण देणे लागतो त्याच्या हातात आधी ते देणे ठेवावे आणि मग त्याच्या खांद्यावर शाल घालावी.

‘देणे’ हा शब्द मी कृतज्ञतेच्या अर्थाने वापरत नाही. खतावणीतल्या अर्थाने वापरतो. 2012 चा पावसाळा आपल्या जालना जिल्ह्यात कसा गेला ते आपल्यापैकी कुणी विसरलेले नाही. मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या आणि पोटच्या पोरासारखी वाढवलेली झाडे लोकांनी सरपणाच्या भावाने दिली. आपल्या मंडळीतली निम्मी घरे शेतमजुरीवर आणि बरीचशी सळयांच्या कारखान्यांतल्या रोजंदारीवर चालणारी, त्यामुळे रविवारच्या दानाची थैली रिकामी होत गेली. त्या काळी पाळकांचा पगार मंडळीच्या पेटीतूनच निघत असे. पेटीत जे होते त्यातून मी डायोसिसचा, म्हणजे आपल्या धर्मप्रांताचा, वाटा भरला, विजेचे बिल भरले, मंदिराच्या गळक्या पत्र्याचे काम केले, आणि पाळकांचा पगार डिसेंबर ते मार्च असे चार महिने थांबवला. दरमहा 7,500 रुपयांप्रमाणे ते 30,000 रुपये होतात. वाटा थकला असता तर इतर मंडळ्यांसमोर खजिनदार म्हणून माझी मान खाली गेली असती. पाळकांचा पगार थकल्याने माझे काहीच बिघडत नव्हते. निर्णय माझा होता. कमिटीने त्याला हात वर करून मान्यता दिली आणि अध्यक्षांनी, म्हणजे ज्यांचा पगार थांबत होता त्यांनीच, “ठराव मंजूर” असे म्हणून पुढचा विषय घेतला.

मार्चअखेरीस मी चौकातल्या किराणा दुकानात पावतीपुस्तक घ्यायला गेलो होतो. दुकानदार आपल्या समाजाचे नाहीत, पण पाळकसाहेबांना वर्षानुवर्षे ओळखणारे. त्यांनी लाल कापडी बांधणीची वही काढून माझ्यासमोर उघडली आणि म्हणाले, “गुरुजी, एवढं एक पान बघा.” पानाच्या डोक्यावर नुसते ‘पाळक’ असे लिहिलेले होते. खाली तारीखवार नोंदी होत्या: गोडेतेल, साखर, चहापत्ती, आगपेटी. जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षे वह्या तपासलेला मी माणूस असल्यामुळे माझी नजर मजकुरापेक्षा आकड्यांवर आधी गेली. डिसेंबरात तेल एक किलो होते, जानेवारीअखेर अर्धा किलो झाले होते आणि मार्चमध्ये ते पावशेरावर आले होते. साखर फेब्रुवारीनंतर पानावर नव्हतीच. दुकानदारांनी वही मिटली. “मी काही मागत नाही,” ते म्हणाले, “तुम्हाला ठाऊक असावं म्हणून दाखवलं.”

त्याच संध्याकाळी मी पाळकांच्या बंगल्यावर गेलो. पाळकसाहेबांच्या पत्नींनी, ज्यांना आपण सारे ‘बाई’ म्हणतो, मला चहा दिला, आणि तो गुळाचा होता. मी विषय काढला तेव्हा पाळकसाहेब म्हणाले, “गुरुजी, पाऊस पडू द्या, मग बघू.” 2013 ला पाऊस बरा झाला. मग 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीने हाताशी आलेले पीक झोडपले आणि आपल्याला बोलायला दुसरा विषय मिळाला. दरम्यान एप्रिल 2013 मध्ये मी नवीन वही उघडली होती. तिच्या पहिल्या पानावर ‘मागील देणे’ या रकान्यात मी काय लिहिले आहे ते आजही वाचता येते: शून्य. लेखापरीक्षणात चूक निघाली नाही, कारण ज्याने तक्रार करायची त्याने ती केली नाही आणि ज्याने लिहायचे तो मीच होतो. या गोष्टीला 12 वर्षे झाली.

काही ज्येष्ठ मला म्हणतील की सेवा पैशात मोजू नये. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे, आणि ते म्हणणारा सेवा करणारा नसतो, सेवा घेणारा असतो, असा माझा अनुभव आहे. या समजुतीची मुळे जुनी आहेत. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा वेगवेगळ्या चर्चसंस्था एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. त्याआधी आपल्या भागातले काम स्कॉटलंडच्या मिशनच्या आधाराने उभे राहिले होते. पाळकाचे पोट कुठून तरी बाहेरून भरते, आपण फक्त नाताळाला फराळाचे ताट आणि कापणीच्या सणाला भोपळा द्यायचा, ही सवय त्या काळातून आली आणि मिशन गेल्यावरही राहिली. भोपळ्याचे म्हणाल तर, सणाच्या लिलावात तो तीन-तीनदा विकला जातो, प्रत्येक घेणारा तो पुन्हा वेदीवर ठेवतो आणि शेवटी तो पाळकांच्याच घरी जातो. बाईंनी एकदा हसत सांगितले होते की सण झाला की बंगल्यात महिनाभर भोपळ्याचीच भाजी आणि भोपळ्याचेच घारगे. आपण सारे त्यावर मनापासून हसलो होतो. लिलावाचे पैसे मात्र पेटीत जात होते.

आता घराविषयी. पाळकसाहेबांना स्वतःचे घर नाही. ज्याने सारी नोकरी पाळकांच्या बंगल्यांत काढली, ज्याची सात वेळा बदली झाली, त्याने घर बांधायचे तरी कुठे? फंडाची बरीचशी रक्कम दोन मुलींच्या नर्सिंगच्या शिक्षणात आणि थोरलीच्या लग्नात गेली. वैजापूर तालुक्यातल्या त्यांच्या गावी भावाच्या वाटणीशेजारी दोन खणांची जागा आहे. तिचे पत्रे गेल्या वर्षीच्या वादळात उडाले, भिंत एका अंगाला फुगली आहे, संडास नाही आणि नळ नाही. मी फेब्रुवारीत स्वतः तिथे जाऊन आलो. गावातल्या गवंड्याने पत्रे, एक भिंत, फरशी, संडास आणि नळजोडणी मिळून 2,10,000 रुपयांचा अंदाज दिला आहे आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात काम धरले तर मे महिन्याच्या मध्यापर्यंत संपेल, असे सांगितले आहे. नव्या पाळकांची मुले जूनमध्ये इथल्या शाळेत जायची असल्यामुळे ते 15 मेच्या सुमारास बंगल्यात येतील. म्हणजे समारंभानंतर अठराव्या दिवशी ज्यांना आपण चांदीचा क्रूस दिला ते पाळक आणि बाई टेम्पोत सामान भरून, डोक्यावर छप्पर नसलेल्या घराकडे निघतील.

मिशनरी नारायण शेषाद्रींनी 1843 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे जालन्यात येऊन काम सुरू केले. निजामाच्या राज्यात, सालारजंग दिवाण असताना मिळालेल्या जमिनीवर त्यांनी बेथेल ही ख्रिस्ती वसाहत बसवली, हे आपल्यातल्या बहुतेकांना आजी-आजोबांच्या तोंडून माहीत आहे. विश्वासात आलेल्या माणसाला पायाखाली जमीन आणि डोक्यावर छप्पर लागते, हे त्यांनी ओळखले होते. उपदेश करणाऱ्यालाही ते लागते, एवढी भर आपण घालायला हरकत नसावी.

व्यासपीठाविषयी लिहिल्यावाचून हे पत्र पुरे होणार नाही, आणि त्यात स्तुतीच असेल असे नाही. पाळकसाहेबांचे उपदेश लांबत. पेरणाऱ्याच्या दाखल्यावर, म्हणजे येशूने सांगितलेल्या बी पेरणाऱ्याच्या गोष्टीवर, मी त्यांचे किमान पंधरा उपदेश ऐकले असतील, कारण पहिला पाऊस पडला की ते तिकडे वळतच. पण ते दाखला वर्षागणिक नव्याने मांडत. जालना ही बियाण्यांची पेठ, त्यामुळे ऐकणाऱ्यांना बियाण्याच्या पिशवीचा भाव तोंडपाठ असे. दुबार पेरणीच्या एका वर्षी त्यांनी विचारले होते की दाखल्यातल्या पेरणाऱ्याचे तीन वाटे बी वाया गेले, तर पुढच्या पेरणीचे बी त्याला उधार कुणी दिले असेल. त्यावर त्यांनी उत्तर दिले नाही. गीत क्रमांक सांगितला आणि खाली उतरले. मागच्या बाकावर बसलेले आमचे एक शेतकरी बंधू उपासनेनंतर बराच वेळ कडुनिंबाखाली उभे होते. त्या वर्षी त्यांना बी कुणी दिले ते मला नंतर कळले, आणि पाळकसाहेबांचा पगार तेव्हा किती होता हेही मला ठाऊक होते.

उपदेशाची टिपणे ते भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या उलटलेल्या पानांमागे लिहीत आणि वाचताना डावा हात व्यासपीठाच्या कडेवर ठेवत. तेवढ्याच जागेचे पॉलिश गेले आहे. 10 एप्रिल 2020 चा उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) मी कधी विसरणार नाही. टाळेबंदीमुळे मंदिर बंद होते. फाटकाची किल्ली द्यायला गेलो तेव्हा पाहिले, तर समोरच्या बाकावर गीतपुस्तकांची चळत रचून तिला मोबाइल टेकवला होता आणि पाळकसाहेब पांढरा झगा घालून, पट्टा नीट करून व्यासपीठावर चढले होते. मी म्हणालो, “साहेब, घरातूनच बोलला असता तरी चाललं असतं.” ते म्हणाले, “मंडळीला हीच भिंत मागे दिसायची सवय आहे, गुरुजी.” त्या वर्षी 16 नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी प्रार्थनास्थळे उघडली, तोवर ते दर रविवारी रिकाम्या बाकांसमोर तसेच उभे राहत होते.

त्यांचा दोष सांगायचा तर तो असा की त्यांनी मंडळी स्वतःच्या डोक्यात साठवून ठेवली. तरुण संघातल्या मुलांना व्यासपीठावर फारसे चढू दिले नाही. ती मुले नाराज आहेत आणि त्यांची नाराजी रास्त आहे. कबरस्तानाचा नकाशा नाही. पूर्वेच्या कुंपणालगत कोणत्या ओळीत 1972 च्या दुष्काळातली पोरे पुरली आहेत, कोणत्या कबरीवरचा दगड चोरीला गेला आणि खाली कोण आहे, हे त्यांनी म्हाताऱ्या माणसांना विचारून विचारून जमवले आहे आणि ती म्हातारी माणसे आता राहिली नाहीत. उद्या खड्डा खणताना फावडे कुणाच्या हाडाला लागेल ते सांगणारे दुसरे कुणी आपल्याकडे नाही.

रजिस्टरांचा प्रश्न याहून नाजूक आहे. 1872 च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे ठेवलेले लग्नाचे रजिस्टर नीटनेटके आहे, त्याची चिंता नाही. बाप्तिस्म्याच्या रजिस्टराची आहे. अनुसूचित जातींच्या 1950 च्या आदेशात 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध समाजाचा समावेश झाला. ख्रिस्ती माणूस आजही त्याबाहेर आहे. त्यामुळे आपल्या घरांत मुलाचे नाव या रजिस्टरात लिहिण्याच्या वेळी आईबाप गप्प होतात. शिष्यवृत्तीचा अर्ज, जातीचा दाखला, बापाची तहसीलमधली धावपळ, हे सारे त्या एका रकान्याभोवती उभे असते. पाळकसाहेबांनी खोटी नोंद केली नाही आणि कुणाला व्यासपीठावरून टोचूनही बोलले नाहीत. कुणाला थांबायचे असेल तर ते थांबू देत, आणि दर वर्षी नाताळाच्या आधी त्या घरी जाऊन नुसती प्रार्थना करून येत. अशी घरे किती आणि कोणती, हे कागदावर येऊ नये; पण नव्या पाळकांना ते ठाऊक नसेल तर पहिल्याच घरभेटीत ते दुखऱ्या जागेवर बोट ठेवतील. ही माहिती दोन पाळकांनी एकत्र चालत, उंबऱ्या-उंबऱ्यावर थांबत एकमेकांना द्यायची असते.

म्हणून माझी विनंती अशी आहे. नव्या पाळकांना एप्रिलमध्येच निदान दोन आठवड्यांसाठी बोलावून घ्यावे, त्यांचा प्रवासखर्च मंडळीने करावा, आणि दोघांनी मिळून गावातल्या व वस्त्यांवरच्या सगळ्या घरभेटी कराव्यात. कबरस्तानाचा नकाशा तरुण संघाने करावा. सांगतील पाळकसाहेब, टेप धरून मोजणे आणि लिहिणे मुलांचे. मंदिरासमोर कडुनिंबाची सावली आहे, बाजूला पत्र्याची शेड आहे, तेव्हा मंडपावाचून आपले अडणार नाही. गौरव अंकात आपण सारे एकाच प्रकारचे लेख लिहू आणि जाहिरातींसाठी नगरसेवकांच्या दारी जाऊ, तोही रद्द करावा. जेवण साधे ठेवावे: वरण, भात, पोळी, एक भाजी आणि शिरा. महिला समितीने स्वयंपाकाची तयारी दाखवली आहे, हे मी विचारूनच लिहितो. शाल आणि चांदीचा क्रूस राहू द्यावा. जे वाचेल त्यातून, आणि कमी पडेल तिथे पुन्हा पावती फाडून, वैजापूरकडच्या घराचे काम 1 एप्रिलच्या आत धरावे. पैसे पाळकांच्या हातात देऊ नयेत, कारण ते वाटेत दुसऱ्या कुणाला देतील. थेट गवंड्याला द्यावेत. काम संपेपर्यंत बाईंना बंगला सोडावा लागू नये. नव्या पाळकांना दोन-तीन आठवडे मिशन कंपाउंडमधल्या पाहुण्यांच्या खोल्या देता येतील आणि त्यांना कारण सांगितले तर ते नाही म्हणणार नाहीत, असा माझा विश्वास आहे.

30,000 रुपयांचा विषय याहून वेगळा ठेवावा. तो घराच्या कामाच्या खर्चात मिसळू नये, पाकिटात घालून भेट म्हणून देऊ नये, आणि समारंभात माइकवरून जाहीरही करू नये. तो थकलेला पगार आहे. तो डिसेंबर 2012 ते मार्च 2013 अशा चार महिन्यांच्या चार स्वतंत्र पावत्यांवर, पाळकसाहेबांची सही घेऊन द्यावा आणि चालू वर्षाच्या वहीत ‘मागील देणे’ म्हणून दाखवावा. बारा वर्षांचे व्याज कमिटीने धरावे की नाही हे कमिटी ठरवील. माझ्या पेन्शनमधून त्याची रक्कम भरायची माझी तयारी आहे, कारण ती चूक माझ्या अक्षरातली आहे.

मंडळीतल्या बंधुभगिनींनाही एक सांगायचे आहे. 27 एप्रिलनंतर लग्नाला, बारशाला, मौतीला पाळकसाहेबांना परस्पर फोन करू नका. बोलावायचेच असेल तर आधी नव्या पाळकांना विचारा आणि त्यांच्याकरवी बोलवा. नवा माणूस अजून सामान लावत असताना जुन्याच्या दारात चपलांचा ढीग दिसला, तर त्याची सेवा पहिल्याच महिन्यात मोडते. हे आपण पूर्वी एका सज्जन पाळकाच्या बाबतीत केले आहे आणि त्यांची खाली गेलेली मान मी अजून विसरलो नाही. गेल्या महिन्यात पाळकसाहेब मला म्हणाले की एवढ्या वर्षांत बाईंबरोबर एका बाकावर बसून उपदेश ऐकायचे कधी जमले नाही. आपल्याकडे बायकांची आणि पुरुषांची बाजू वेगळी असते, त्यामुळे निवृत्तीनंतर इथे तेही साधायचे नाही, हे त्यांच्या लक्षात आले तेव्हा ते स्वतःच हसले. वैजापूरकडच्या मंडळीत काय रीत आहे ते मी विचारायला विसरलो.

पुढच्या रविवारी उपासनेनंतर कमिटीची सभा आहे. त्या सभेचे अध्यक्षपद त्या दिवसापुरते सचिवांनी घ्यावे आणि पाळकसाहेबांनी बंगल्यावर जाऊन जेवावे, असे मी त्यांना समक्ष विनवणार आहे. मी 2012–13 ची वही घेऊन येईन. ती माझ्याच घरी, ट्रंकेत आहे. नियमाप्रमाणे ती मंदिराच्या कपाटात असायला हवी होती, हेही त्या दिवशी मान्य करीन. किराणा दुकानदारांना मी काल भेटलो. त्यांची ती लाल वही त्यांनी टाकलेली नाही. पाळकसाहेबांनी त्यांची उधारी 2013 च्या दिवाळीपर्यंत दर महिन्याला थोडी थोडी करून फेडली, आणि पान आडवे काट मारून बंद केलेले आहे.

आपला नम्र,
मंडळीचा एक सभासद व माजी खजिनदार

9 मार्च 2025, लेंटचा पहिला रविवार
जालना जिल्हा